बिअर पाँगचं टेबल घरी बनवताना: चौकट, बिजागरी आणि सांडलेलं पाणी

माझ्या पहिल्या टेबलाची कड मी अजून जपून ठेवली आहे. वीतभर लांबीचा तुकडा आहे. साध्या कमर्शियल प्लायचं टेबल होतं, वरून छान पॉलिश मारलेलं, पण कडा तशाच उघड्या. एका पावसाळ्यात त्या कडेचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटले आणि फुगून जाडी दीडपट झाली. वरचा भाग मात्र नवा कोरा दिसत होता. पार्टीच्या खेळांचं टेबल कसं बनवायचं हे मला त्या तुकड्याने शिकवलं. या टेबलावर पाणी सांडणार, बिअर सांडणार, कोकम सरबत सांडणार, आणि ते दर वेळी सांडणार. लाकूड कोणतं, जोड कुठे, बिजागरी वर की खाली, हे सगळं त्या सांडण्याचा विचार करून ठरवायचं.

बिअर पाँग हा खेळ अमेरिकेतला. १९५० च्या दशकात न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात मुलं टेबल टेनिसच्या टेबलावर बिअरचे कप ठेवून बॅटने खेळायची, तिथून याची सुरुवात सांगितली जाते. पुढे बॅट गेली आणि टेबलाच्या पलीकडच्या कपांत चेंडू हाताने टाकायची पद्धत आली. २००६ पासून नेवाडात त्याची मोठी स्पर्धाही भरू लागली. तिथल्या टेबलाचं माप ८ फूट लांब, २ फूट रुंद आणि साडेसत्तावीस इंच उंच. आपल्याकडे हा खेळ परदेशी शिक्षण घेऊन परतलेल्या मुलामुलींबरोबर आला आणि आता गच्चीवर, फार्महाऊसवर, गोव्याच्या सहलीत दिसतो. बहुतेक ठिकाणी जेवणाच्या टेबलावरच खेळतात. तिथे दोन अडचणी येतात. एकतर लांबी पुरत नाही, आणि दुसरं म्हणजे घरातली मोठी माणसं त्या टेबलाकडे बघून हळहळतात, ते मला बघवत नाही. म्हणून वेगळं टेबल, आणि तेही घडी होणारं, कारण ८ फुटांची वस्तू फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे?

मोजमाप आधी कागदावर

आता जे सांगतो ते मी तिसऱ्या टेबलाला पक्कं केलेलं माप आहे. दोन सारखे भाग, मधे बिजागरी, खाली घडी होणाऱ्या दोन घोड्या, म्हणजे टेबल पेलणारे लाकडी स्टँड. प्रत्येक भाग म्हणजे लाकडाची एक चौकट, तिच्या आत बसवलेला १२ मिलिमीटरचा प्लाय आणि या सगळ्यावर एकच सनमायका.

प्लायचा तक्ता ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे साधारण २४४० बाय १२२० मिलिमीटर. सनमायकाही त्याच मापाचा येतो. इथे नवखा माणूस हमखास फसतो. प्लाय बरोबर अर्धा कापला, त्याला कडेने लाकूड लावलं की टेबल ८ फुटांच्या पुढे जातं आणि सनमायका अपुरा पडतो. शिवाय सनमायका चारही बाजूंनी थोडा बाहेर ठेवून मग घासावा लागतो, त्यालाही जागा हवी. म्हणून उलट्या बाजूने हिशेब करा. सनमायकाचे दोन तुकडे १२१५ बाय ६१५ चे. चौकटीचं बाहेरचं माप १२०३ बाय ६०३. चौकटीची पट्टी १९ मिलिमीटर जाड, म्हणून आतला प्लाय ११६५ बाय ५६५. दोन्ही भाग जोडले की लांबी २४०६ मिलिमीटर भरते, ८ फुटांना सव्वा इंच कमी. रुंदी पाव इंच कमी. खेळताना हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही.

रुंदीबद्दल शंका असेल तर कपांचा हिशेब करून बघा. या खेळातल्या मोठ्या कपाचं तोंड पावणेचार इंचांच्या आसपास असतं. दहा कप ४-३-२-१ असे त्रिकोणात लावले की पाया १५ इंच आणि खोली साडेतेरा इंच होते. दोन्ही बाजूंना चार-चार इंच मोकळे राहतात, त्यामुळे कप कडेवरून पडत नाहीत.

बाजारातून काय आणायचं

प्लायच्या दुकानात गेल्यावर 'वॉटरप्रूफ आहे का' एवढंच विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. तक्त्यावरचा शिक्का बघा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ७१० म्हणजे मरीन प्रतीचा, उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा. आयएस ३०३ मध्ये दोन प्रती येतात. त्यातली बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारी) चालेल, एमआर (फक्त ओलावा सोसणारी) नको. एमआर दमट हवेपुरता बरा, सांडलेल्या पाण्यासाठी नाही. माझं पहिलं टेबल त्याचंच होतं. तक्ता घेताना जमिनीवर उभा करून एका डोळ्याने कडेच्या रेषेत बघा. वाक दिसला तर दुसरा काढायला सांगा, संकोच करू नका. कडेला थरांमध्ये पोकळी दिसली तरीही नको. पोकळीवर चेंडू पडला की मेल्यासारखा उसळतो.

स्वस्तात आणि झटपट करायचं असेल तर स्लॅबच्या सेंटरिंगला वापरतात तो काळ्या फिल्मचा शटरिंग प्लाय घ्या. त्याला सनमायकाची गरज नाही, पाणी नुसतं पुसून टाकायचं. वजनाला जड आणि दिसायला राकट असतो, पण फार्महाऊसवर कायम ठेवायच्या टेबलाला मला तोच आवडतो. घरात ठेवायचं असेल तर मात्र सनमायकाच.

सनमायका १ मिलिमीटरचा, मॅट किंवा सुएड फिनिशचा. चकचकीत घेतलात तर ओले कप त्यावर घसरतात आणि वरच्या दिव्याचा उजेड डोळ्यांत येतो. रंग गडद हवा, कारण चेंडू पांढरा. अगदी काळ्यावर पाण्याचे डाग वाळून उठून दिसतात, म्हणून मी गडद हिरवा घेतो. दुकानातून नमुन्याचा तुकडा घरी आणा, त्यावर चमचाभर कोकम सरबत ओता आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी ओल्या फडक्याने पुसल्यावर गुलाबी कडं राहिलं तर तो रंग बाद. मी आणलेल्या चारपैकी एका फिकट नमुन्यावर असं कडं राहिलं होतं, बारीक रेघेचं, घासूनही न गेलेलं.

लाकूड पाइनचं चालेल, सरळ आणि वाळलेलं. २ इंच बाय पाऊण इंचाची पट्टी चौकटीसाठी २६ फूट, पाऊण बाय पाऊण इंचाची आतल्या आधारासाठी २६ फूट, दीड बाय पाऊणची ८ फूट आणि घोड्यांसाठी २ बाय १ इंचाची ३८ फूट. यात तुटफूट धरली आहे. आणल्यावर आठवडाभर घरातच आडवं ठेवा. वखारीतलं लाकूड लगेच कापलं तर महिन्याने चौकटीचे कोपरे उघडतात.

बाकी सामान: फेव्हिकॉल मरीन, पट्ट्यांसाठी ३२ मिलिमीटरचे स्क्रू, प्लायसाठी २५ मिलिमीटरचे, कोपऱ्यांसाठी ५० मिलिमीटरचे, ५५ सेंटीमीटरची एक पियानो बिजागरी (सलग लांब पट्टीची), घोड्यांसाठी चार साध्या बिजागऱ्या, ट्रंकेला असतात तशा खेचून लागणाऱ्या दोन कड्या, ८० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर, ऑइल पेंट, आणि पीयू किंवा मेलामाइन पॉलिशचा छोटा डबा. प्लायचे तुकडे दुकानातच मशिनवर कापून घ्या. घरी हातकरवतीने ४ फूट सरळ कापणं जमत असेल तर उत्तम, पण मशिनच्या गुण्यात (बरोबर काटकोनात) असलेल्या कापाची सर त्याला येत नाही.

चौकट

प्रत्येक भागाला लांब पट्ट्या १२०३ च्या, आखूड पट्ट्या ५६५ च्या. आखूड पट्ट्या लांब पट्ट्यांच्या मधे बसतात. पट्टी उभी ठेवायची, म्हणजे चौकटीची उंची २ इंच. कोपऱ्यावर फेव्हिकॉल लावा, आधी बारीक भोक पाडा आणि मग दोन-दोन स्क्रू आवळा. भोक न पाडता स्क्रू घातला तर पाइन शेवटाकडे सरळ चिरतं. गोंद ओला असतानाच कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे चौकट गुण्यात आली. फरक असेल तर लांब कर्णाचे कोपरे हाताने दाबून सरळ करा. गोंद वाळल्यावर काही करता येत नाही.

आता आतून चारही बाजूंनी पाऊण बाय पाऊणची पट्टी लावायची, जिच्यावर प्लाय बसेल. ती वरच्या कडेपासून १२ मिलिमीटर खाली, असं मी लिहिणार नाही. प्लाय १२ चा म्हणून मिळतो, पण हाती येतो तो कधी साडेअकराचा, कधी सव्वाबाराचा. त्याच प्लायचा उरलेला तुकडा घ्या, चौकट सपाट फरशीवर पालथी ठेवा, तो तुकडा आत फरशीवर ठेवा आणि त्याला टेकवून पट्टी लावा. माप आपोआप अचूक येतं. लांबीच्या मधल्या भागात दीड बाय पाऊणच्या दोन आडव्या पट्ट्या झोपवून लावा. एक बाहेरच्या टोकापासून ३० सेंटीमीटरवर, कारण तिथे खालून घोडी टेकणार आहे. दुसरी टोकापासून ७५ सेंटीमीटरवर.

पट्ट्यांवर भरपूर गोंद लावून प्लाय आत बसवा आणि वरून दर ६ इंचांवर २५ मिलिमीटरचे स्क्रू घाला. डोकी प्लायच्या किंचित आत बुडायला हवीत. त्यावर लांबी (पुट्टी) भरा, प्लाय आणि चौकट यांच्या फटीतही भरा. वाळल्यावर ८० चा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासा. चौकट आणि प्लाय एका पातळीत येणं हे या सबंध कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. डोळे मिटून तळहात जोडावरून फिरवा. डोळ्यांना न दिसणारी उंची हाताला लागते. अर्धा मिलिमीटर राहिला तरी सनमायकाखालून तो उंचवटा जन्मभर दिसत राहतो.

चौकट बाहेरून आणि प्लाय आत, असं का? सुतार नेहमी प्लायच्या कडेला पातळ लिपिंग (लाकडाची पट्टी) मारतात, तेही चांगलं. पण इथे २ इंचांचं सलग लाकूड हीच कड होते. प्लायची कड कुठेच उघडी राहत नाही आणि लाकूड-प्लायचा जोड सनमायकाखाली झाकला जातो. वरून सांडलेलं पाणी जोडापर्यंत पोचतच नाही.

सनमायका लावण्याआधी खालच्या बाजूला, आतल्या पट्ट्यांसकट, ऑइल पेंटचे दोन हात मारून घ्या. वरून एका बाजूला सनमायका आणि खालचं लाकूड उघडं, असं ठेवलं तर दमट हवेत तक्ता वाकायला बघतो. चौकट त्याला धरून ठेवते, रंग ओल अडवतो.

सनमायका

सनमायका करवतीने कापायला जाऊ नका, कडा तुटतात. पुढच्या बाजूवर पट्टी धरून कटरने चार-पाच वेळा खोल रेघ ओढा, मग पट्टी दाबून धरून मोकळा भाग वर उचला. टक्कन आवाज होऊन रेघेवर तुटतो. हातमोजे घाला, त्याची कड ब्लेडसारखी कापते.

चिकटवताना धूळ पुसून घ्या. तांदळाएवढा कण राहिला तरी टेकाड येतं. प्लायवर आणि सनमायकाच्या मागे, दोन्हीकडे, फेव्हिकॉल दातेरी पट्टीने पातळ पसरवा. सनमायका एका टोकाकडून हळूहळू टेकवत मधून कडेकडे कापडाने दाबत जा, म्हणजे हवा बाहेर निघते. तक्त्यातला जो अर्धा प्लाय उरला आहे तो इथे कामाला येतो. त्याचे दोन तुकडे करून वर ठेवा आणि त्यांवर २० लिटरचे पाण्याचे भरलेले जार ठेवा. एका भागावर सहा जार, म्हणजे १२० किलो. मी सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे जार मागून आणले होते, आणि त्या बदल्यात त्यांना पहिल्या खेळाचं आमंत्रण द्यावं लागलं. रात्रभर ठेवा, पावसाळ्यात पूर्ण २४ तास.

वजन काढल्यावर बोटाच्या सांध्याने टेबलभर टकटक करत जा. चिकटलेल्या जागी भरीव आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ थपथप. कडेजवळ पोकळ वाटलं तर पातळ पट्टीने गोंद आत ढकलून क्लॅम्प लावता येतो. मधोमध असेल तर सुईएवढं भोक पाडून इंजेक्शनच्या सिरिंजने गोंद सोडा आणि परत वजन ठेवा. हे मी दोनदा केलं आहे, आणि ते भोक आता मलाही सापडत नाही.

बाहेर राहिलेला सनमायका ट्रिमरने किंवा कानशीने चौकटीच्या पातळीत आणा. कानस नेहमी खालच्या दिशेने, वरून लाकडाकडे ओढा. उलट ओढली तर कपची निघते. शेवटी कडेला तिरका हात देऊन धार मोडा, आणि दोन्ही टोकांच्या कडा पॉलिश पेपरने नीट गोल करा. चेंडू टाकताना कोपर टेबलाच्या मागे ठेवायचं असतं, त्यामुळे खेळणाऱ्यांच्या मांड्या याच कडेला टेकतात.

आता चौकटीच्या उघड्या लाकडाला पीयूचे तीन हात. पट्ट्यांची जी टोकं, म्हणजे लाकडाचे कापलेले तोंडाचे भाग दिसतात, तिथे पाच हात द्या. लाकूड तिथूनच पाणी पितं, पहिले दोन हात बघता बघता गायब होतात. मधला जोडही विसरू नका. सांडलेलं पाणी टेबलाच्या मधोमध असलेल्या त्या फटीतूनच खाली गळतं, म्हणून दोन्ही भाग जिथे एकमेकांना भिडतात ते पृष्ठभाग सगळ्यात जास्त पीयू खातात.

काही जण वरून इपॉक्सी रेझिन ओततात, खाली बाटल्यांची झाकणं किंवा फोटो मांडतात. दिसतं सुंदर, नाकारत नाही. पण या टेबलावर नुसता ३ मिलिमीटरचा थर द्यायचा तरी साडेचार लिटरच्या आसपास रेझिन लागतं, पावसाळी दमट हवेत ते नीट वाळत नाही, आणि घडीच्या टेबलाचं वजन वाढतं. मी सनमायकावरच थांबतो.

बिजागरी खालीच

माझ्या दुसऱ्या टेबलाला बिजागरी मी वरच्या बाजूला लावली होती, कारण तिथे लावणं सोपं होतं. खेळ रंगात आला असताना मावसभावाने मधोमध कोपर टेकवलं आणि टेबल खाली व्ही आकारात मोडलं. कप, चेंडू, चिवड्याची बशी, सगळं मधे गोळा झालं. कुणाला लागलं नाही, पण लागू शकलं असतं.

कारण साधं आहे. दोन टोकांना आधार असलेल्या टेबलावर मधे भार आला की मधला भाग खाली जायला बघतो. तेव्हा जोडाची वरची बाजू मिटते आणि खालची बाजू उघडते. बिजागरी वर असेल तर खाली अडवणारं काहीच नाही. बिजागरी खाली, चौकटीच्या तळाला असेल तर ती खालची बाजू उघडू देत नाही आणि वरच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात. भार जितका जास्त तितका जोड घट्ट. घडी घालताना मधला भाग वर उचलायचा, म्हणजे दोन्ही भागांच्या खालच्या बाजू पेटीच्या झाकणासारख्या समोरासमोर येतात आणि सनमायका बाहेर राहतो.

लावायची अशी: दोन्ही भाग सपाट फरशीवर जुन्या चादरीवर पालथे ठेवा, मधल्या कडा घट्ट भिडवा, क्लॅम्प लावा आणि जोडावर पियानो बिजागरी आडवी ठेवा, सांधा वर दिसेल अशी. प्रत्येक भोकाला आधी बारीक ड्रिल आणि मग स्क्रू. एकही भोक रिकामं सोडू नका.

उलट बाजूचा धोकाही आहे. कुणी टोकावर जोर दिला तर घोडीवरून टेबल तरफेसारखं फिरतं, मधला भाग वर उचलला जातो आणि घडी व्हायला लागते. त्यासाठी त्या दोन ट्रंकेच्या कड्या. त्या दोन्ही लांब बाजूंना, जोडावर, सनमायकाच्या अगदी जवळ लावा. बिजागरीजवळ लावल्या तर त्यांना जोरच मिळत नाही. बसण्यासाठी मात्र हे टेबल नाही, हे पाहुण्यांना आधीच प्रेमाने सांगा.

घोड्या

घोडीची एक बाजू म्हणजे ६९ सेंटीमीटरचे दोन पाय आणि ५५ सेंटीमीटरच्या दोन आडव्या पट्ट्या, एक वर, एक जमिनीपासून वीतभर उंचीवर. अशा दोन बाजू वरच्या पट्टीला दोन बिजागऱ्यांनी जोडल्या की एक घोडी. प्रत्येक पाय उभ्या रेषेपासून १५ अंशांत उघडला की जमिनीवर ३६ सेंटीमीटरचं अंतर पडतं. तेवढ्यावर खाली सुताची जाड दोरी किंवा साखळी बांधा, म्हणजे पाय आणखी पसरणार नाहीत. पायांची खालची टोकं त्याच कोनात कापून रबर ठोका.

घोडीची उंची ६७ सेंटीमीटर येते. आतली आडवी पट्टी झोपवून लावली आहे, त्यामुळे घोडीचा माथा चौकटीच्या आत पाऊण इंच शिरतो आणि टेबल बाजूला सरकत नाही. पुढे-मागे सरकू नये म्हणून माथ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे छोटे गट्टू स्क्रूने लावा. जमिनीपासून टेबलाचा माथा ७० सेंटीमीटर, म्हणजे साडेसत्तावीस इंच. गणपतीत याच टेबलावर आमच्याकडे जेवण मांडतात, तेव्हा मोठ्या पातेल्यांसाठी मधे तिसरी घोडी लावतो. ती करायला एक दुपार पुरते.

मांडणी

गच्चीवर मांडणार असाल तर उतार बघा. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. १०० ला १ धरला तरी ८ फुटांत २४ मिलिमीटरचा फरक पडतो. टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवा, कुठल्या बाजूने सांडतं ते दिसेल, त्या बाजूच्या पायांखाली प्लायचे तुकडे द्या. उताराला आडवं लावलं तर काम निम्मं होतं.

मग उसळी तपासा. टेबल टेनिसच्या नियमाप्रमाणे ३० सेंटीमीटरवरून सोडलेला चेंडू टेबलावर २३ सेंटीमीटरच्या आसपास उसळला पाहिजे. आपल्या टेबलाला तेवढी अट नाही, माझ्यावर २० च्या आगेमागे उसळतो. पण सगळीकडे सारखा उसळला पाहिजे. चेंडू ४० मिलिमीटरचा, २.७ ग्रॅमचा टेबल टेनिसचाच घ्या.

लाल प्लास्टिकचे कप शोधत फिरू नका. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक कपांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच. स्टीलचे मोठे, रुंद तोंडाचे पेले वापरा. वाऱ्याने उडत नाहीत, आणि चेंडू आत पडला की जो टण्ण आवाज येतो तो ऐकण्यासारखा असतो. तोंड मोजून घ्या आणि उरलेल्या प्लायमधून दहा भोकांचा त्रिकोणी साचा कापा. त्यात पेले मांडायचे आणि साचा वर काढून घ्यायचा. टेबलालाच भोकं पाडण्याचा मोह टाळा. प्रत्येक भोक म्हणजे प्लायची नवी उघडी कड.

पेल्यांत पाणीच भरा, तिसरा हिस्सा. तोच चेंडू फरशीवर, चपलांवर, गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन येतो आणि पेल्यात पडतो. त्यातलं प्यायचं नाही. ज्याला जे प्यायचंय ते त्याच्या हातातल्या वेगळ्या ग्लासात. यामुळे आणखी एक चांगलं होतं. कोण काय पितंय याला खेळात महत्त्वच उरत नाही. आमच्याकडे निम्मे लोक कोकम सरबत घेऊन खेळतात. सोलकढी मात्र टेबलापासून लांब, नारळाचं तेल सनमायकावर पसरतं आणि पेले सरकतात. ज्यांना दारू घ्यायची आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाईनला वयाची अट २१ ची, बाकीच्या मद्याला २५ ची, आणि परवानाही लागतो. गाडी चालवून घरी जाणाऱ्याला घोटभरही आग्रह करू नका. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि खेळाच्या भरात मोजत कोणी बसत नाही.

पार्टी संपली की त्याच रात्री ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. जोड उघडून फटीतही कापड फिरवा, साखरेचं पाणी तिथे राहिलं तर सकाळी मुंग्यांची रांग लागते. तासभर उघडं वाळू द्या आणि मग घडी घाला. भिंतीला टेकवून ठेवणार असाल तर खाली विटा किंवा दोन लाकडी पट्ट्या ठेवा, फरशीची ओल आणि वाळवी दोन्ही खालूनच येतात. दर पावसाळ्याआधी मधल्या जोडावर पीयूचा एक हात.

दुसरा अर्धा प्लाय उरलाच आहे. आमच्या मजल्यावर आता तशी दोन टेबलं आहेत.